तळहाताएवढा अंधार

गेल्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या आठवडाभर आधी, थोरला भाऊ पहिल्यांदाच आमच्याकडे कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला आला होता. एका सहकाऱ्याकडे रात्री जेवायला जायचे होते आणि रिकाम्या हाताने जाणे बरे दिसत नाही, म्हणून वाटेतल्या एका दुकानात वाइनची बाटली घ्यायला थांबलो. दादा माळकरी आहे. बाटलीशी त्याला काही घेणेदेणे नव्हते, पण गाडीत एकटे बसण्यापेक्षा बरे म्हणून तोही माझ्या मागोमाग आत आला आणि फ्रिजमधल्या रंगीत पाण्याच्या बाटल्या पाहत उभा राहिला. गल्ल्यावरच्या तरुणाने माझे लायसन्स मागितले आणि मग दादाकडे पाहून, सोबत असलेल्या प्रत्येकाचे पाहावे लागते, असे अगदी नम्रपणे सांगितले. पांढऱ्या केसांच्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला तो एकवीस वर्षांचा झाला आहे की नाही हे सिद्ध करायला सांगणे यातला विनोद त्या मुलाच्या चेहऱ्यावर कुठेही दिसत नव्हता. दादाने बंडीच्या आतल्या खिशातून रबर लावलेले प्लास्टिकचे पाकीट काढले, त्यातून पासपोर्ट काढला आणि बँकेत पासबुक द्यावे तसा दोन्ही हातांनी पुढे केला.

माझ्या लायसन्सवर जन्मतारीख ०६/०१/१९७६ अशी आहे, कारण अमेरिकेत महिना आधी लिहितात. दादाच्या पासपोर्टवर ०१/०६/१९७२ अशी आहे. मुलाने ती सहा जानेवारी अशी वाचली, मी ती एक जून आहे असे सांगितले आणि सांगता सांगताच माझ्या लक्षात आले की माझीही एक जूनच आहे. तोही थबकला. दोन भाऊ, चार वर्षांचे अंतर, तारीख एकच. त्याने पासपोर्ट उचलला आणि गल्ल्याच्या खालच्या फळीवर ठेवलेला, कागदावरची गुप्त छपाई उजळवणारा छोटा जांभळा दिवा लावला. दुकानात डोळे दिपतील असा पांढरा उजेड होता आणि त्या उजेडात जांभळ्या दिव्याला काहीच दाखवता येईना, म्हणून तो खाली वाकला, डाव्या हाताचा तळवा त्याने पासपोर्टवर छपरासारखा धरला आणि तळहाताएवढ्या त्या अंधारात डोळा घालून पाहू लागला. दहा सेकंद गेली असतील. त्या दहा सेकंदांत मी गल्ल्याशेजारी चिकटवलेली, खोटी ओळखपत्रे जप्त केली जातील असे बजावणारी पाटी दोनदा वाचली आणि पासपोर्ट हातचा गेला तर वकिलातीच्या किती फेऱ्या माराव्या लागतील याचा हिशेब मनात मांडला. मग त्याने पासपोर्ट मिटून परत दिला, बाटली कागदी पिशवीत घातली आणि आम्ही बाहेर पडलो.

गाडीशी आल्यावर दादा म्हणाला, "खोटं असतं तर ठिवून घेतलं असतं का रे त्यानं?"

मी म्हणालो, "हो. घेता येतं त्यांना कायद्यानं."

दादा हसला. "मग आपलं तरी कुठं खरं हाय?"

एक जून ही काय भानगड आहे हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. ज्याच्या घरात एक जूनचा एकही माणूस नाही असे खेड्यातले घर मी अजून पाहिलेले नाही. आमच्या माणदेशातल्या शाळेत गुरुजींनी दादाचे नाव घातले तेव्हा त्याला सहा वर्षे पूर्ण नव्हती, म्हणून त्यांनी ती कागदावर पूर्ण करून दिली. आईच्या हिशेबाने दादाचा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला, भादव्याच्या आवसेचा. दिवसभर ती दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती, रात्री कंदिलातले रॉकेल संपले आणि त्यानंतर दादा जन्मला, हे ती इतक्या वेळा सांगत असे की कंदील विझताना येणारा वातीचा करपट वास आम्हाला आमच्याच आठवणीतला वाटू लागला होता. माझा जन्म चार वर्षांनंतरचा, ज्वारीच्या सुगीतला, म्हणजे फेब्रुवारीतला. गुरुजींनी मला आठ महिन्यांनी आणि दादाला चार महिन्यांनी मोठे केले. कागदोपत्री आम्ही दोघेही रोहिणी नक्षत्रातले आणि निम्मा वर्गही त्याच नक्षत्रातला. पुढे शाळा सोडल्याचा दाखला, त्यावरून पासपोर्ट, पासपोर्टवरून व्हिसा, त्यावरून इथले लायसन्स अशी ती तारीख एकेका शिक्क्याने पक्की होत गेली. आज माझ्या लायसन्सवर जांभळा प्रकाश टाकला तर त्यावरची सगळी गुप्त छपाई अगदी नियमाप्रमाणे उजळते. कागद अस्सल, शिक्के अस्सल, तारीख तेवढी गुरुजींच्या मनाची. याउलट या गावातल्या कॉलेजात शिकणारा एखादा मुलगा खोटे कार्ड घेऊन दुकानात जातो तेव्हा त्याचे नाव बहुधा खरे असते, फोटो खरा असतो, दिवस आणि महिनाही खरा असतो, आकडा फिरवलेला असतो तो फक्त वर्षाचा. कायद्याच्या डोळ्यांनी तो गुन्हेगार आणि आम्ही सभ्य नागरिक. आमच्या कार्यालयात अफगाणिस्तानातून आलेला एक सहकारी आहे, त्याच्या घरातले चार जण एक जानेवारीचे आहेत. त्याला मी आमच्या एक जूनची गोष्ट सांगितली तेव्हा त्याने काही न बोलता माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

दादाचा प्रश्न डोक्यात राहिला, म्हणून मी तो कायदा काढून वाचला. कॅलिफोर्नियाच्या व्यवसायविषयक संहितेत कलम २५६५९ मध्ये मद्यविक्रेत्याला आणि त्याच्या नोकराला खोटे ओळखपत्र जप्त करण्याची मुभा दिली आहे. इतकेच नव्हे, तर ज्या खऱ्या ओळखपत्रावरून गिऱ्हाईक एकवीसच्या आतले असल्याचे दिसते, तेही त्याला ठेवून घेता येते. अट अशी की जप्त केलेल्या वस्तूची पावती द्यायची आणि चोवीस तासांच्या आत ती स्थानिक पोलिसांकडे पोचती करायची. खोट्या कार्डाची खरी पावती ही कल्पना मला फार आवडली. जप्त करणे हे कर्तव्य नव्हे, दुकानदाराने कार्ड ठेवून घेतले नाही म्हणून त्याला कोणी दोषी धरणार नाही, हेही कलमातच लिहिले आहे. कोलोरॅडोत हाच अवधी बहात्तर तासांचा आहे. एका राज्यात एक दिवस, दुसऱ्यात तीन, या फरकाकडे पाहताना मला ते आकडे ठरवणारी माणसे दिसू लागली. विधिमंडळाच्या कुठल्या तरी समितीत बसून त्यांनी तोललेले असणार की गल्ल्यावर उभ्या असलेल्या, तासावर पगार घेणाऱ्या मुलाच्या हातात दुसऱ्याची ओळख किती वेळ राहू द्यावी. तो पोलीस नाही. त्याने चुकून एखाद्या परदेशी माणसाचा खरा पासपोर्ट ठेवून घेतला तर काय? न ठेवता परत दिले तर तेच खोटे कार्ड अर्ध्या तासात पुढच्या दुकानात चालणार नाही का? काही बारमध्ये अशी कार्डे शिकारीच्या मुंडक्यांसारखी भिंतीवर मिरवत, त्यांचे काय करायचे? उत्तरे कायद्यात सापडतात. पण शेवटी कलम येऊन थांबते ते त्या मुलाच्या डोळ्यापाशी, त्याला काय वाटले यापाशी. आणि डोळ्याला नीट दिसावे म्हणून त्या मुलाने काय केले, तर दुकानाचा उजेड अडवला.

ही गोष्ट मला स्वतःच्या ओसरीवर शिकायला मिळाली होती, पण तेव्हा ती शिकलो नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या दारातून एक पार्सल चोरीला गेले. मी लगोलग दारावर कॅमेरा आणि त्याच्या वर दोन तोंडांचा प्रखर एलईडी दिवा बसवला, आणि शेजाऱ्यांच्या खिडकीत तो रात्रभर पडत राहील याचा विचारही केला नाही. महिन्याभरात दुसरे पार्सल गेले. यावेळी चित्रीकरण होते. माणूस आला, वाकला, उभा राहिला, त्याने कॅमेऱ्याकडे चक्क वर पाहिले, आणि त्याच्या चेहऱ्याच्या जागी होता नुसता पांढरा डाग. त्याच्या बुटाच्या नाड्या मोजता येत होत्या, पण नाक कुठे आहे ते कळत नव्हते. दिव्यामागच्या कुंपणाशी दुसरा कोणी उभा होता का, हे तर विचारूच नये, कारण जिथे दिव्याचा झोत संपत होता तिथून पुढे डांबर ओतल्यासारखा अंधार होता. त्याच आठवड्यात शेजारच्या आजींनी दाराच्या फटीतून चिठ्ठी सरकवली. दिवा चांगला आहे, त्याच्या उजेडात मला पलंगावर पडून पुस्तक वाचता येते, फक्त मला त्या वेळी झोपायचे असते, असे तीत लिहिले होते. मी दिव्याचे तोंड खाली वळवले, त्याला पत्र्याची टोपी केली. लाज वाटली ती चिठ्ठीच्या सभ्यपणाची.

उजेडाने माणूस ओळखता येतो ही समजूत या शहराला फार जुनी नाही. मी २००४ मध्ये इथे आलो तेव्हा सॅन होजेचे रस्ते रात्री हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखे पिवळे दिसत. कमी दाबाच्या सोडियमचे ते दिवे होते. शहराच्या पूर्वेला माउंट हॅमिल्टनवर १८८८ पासून लिक वेधशाळा उभी आहे आणि तिथल्या खगोलशास्त्रज्ञांना दुर्बिणीत शहराचा उजेड गाळून टाकता यावा म्हणून, जवळजवळ एकाच तरंगलांबीचा प्रकाश देणारे हे दिवे शहराने १९८०च्या सुमारास पत्करले होते. एका शहराने डोंगरावरच्या दुर्बिणीसाठी आपले रस्ते पिवळे करून घ्यावेत, ही गोष्ट मी गावी सांगितली तेव्हा कोणाचा विश्वास बसला नाही. पण त्या उजेडात रंग मरत. पहिल्या हिवाळ्यात मी एका मोठ्या पार्किंगमध्ये माझी लाल गाडी पाऊण तास शोधत फिरलो होतो, कारण तिथे लाल, हिरवी, निळी अशी गाडीच नव्हती, होत्या फक्त फिकट आणि गडद तपकिरी गाड्या. तक्रारही तीच होती. पळून गेलेली गाडी कुठल्या रंगाची होती, माणसाचा सदरा कुठल्या रंगाचा होता, हे साक्षीदार कसे सांगणार? शेवटी शहर पांढऱ्या एलईडीकडे वळले. तेव्हा मलाही बरे वाटले होते, हे कबूल करतो. गाडी सापडू लागली. दूध आणायला बाहेर पडल्यावर समोरून येणाऱ्याच्या चेहऱ्यावर रक्त आहे असे वाटू लागले. आकाश गेले हे नंतर कळले, आणि तेही कोणी सांगितल्यावर.

कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने या उजेडाचा प्रश्न अलीकडे दोनदा हातात घेतला. आमच्याच भागाचे प्रतिनिधी ॲलेक्स ली यांनी विधेयक आणले होते. मागणी अगदी साधी होती. राज्य सरकारच्या मालकीच्या वा भाड्याच्या जागांवर बाहेर जे दिवे नव्याने बसतील त्यांना आच्छादन असावे, म्हणजे उजेड वर आणि आडवा न जाता खाली पडेल, आणि गरज नसताना ते मंद किंवा बंद व्हावेत. खासगी घरांच्या ओसऱ्यांना त्यात हात लावलेला नव्हता. ऐंशी सदस्यांची ॲसेम्ब्ली आणि चाळीस सदस्यांचे सिनेट या दोन्ही सभागृहांनी ते २०२२ मध्ये मंजूर केले आणि राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी नाकारले. २०२३ मध्ये तसेच विधेयक पुन्हा मंजूर झाले आणि पुन्हा नाकारले गेले. कारण मुख्यतः खर्चाचे होते. दिव्याला टोपी घालायला खर्च येतो हे मला ठाऊक आहे, पत्रा आणि दोन स्क्रू मिळून माझे नऊ डॉलर गेले. सगळ्या राज्याचा हिशेब नऊ डॉलरांवरून करता येत नाही हेही समजते. तरीही दोन्ही सभागृहांनी दोनदा होकार दिलेली इतकी निरुपद्रवी गोष्ट अडून राहावी, याचे कोडे मला अजून उलगडलेले नाही.

राज्याची राजधानी सॅक्रामेंटो, तिथल्या समित्यांच्या सुनावण्या घरबसल्या पाहता येतात. मी त्या पाहतो. नाटकाची आवड असलेल्या माणसाला त्यांत पुष्कळ मिळते. विधेयकाच्या बाजूचे आणि विरोधातले मुख्य साक्षीदार मिनिटे मोजून बोलतात आणि मग उरलेली माणसे रांगेने माइकपाशी येतात. त्यांनी फक्त नाव, संस्था आणि पाठिंबा की विरोध एवढेच सांगायचे असते. कोणी विद्यार्थी असतो, कोणी निवृत्त शिक्षिका, कोणी पक्षी मोजणारा. नाव सांगितले की अध्यक्ष मान डोलावतात आणि माणूस बाजूला होतो. दादाला मी अशा एका सुनावणीचे चित्रीकरण दाखवले तेव्हा त्याने शेतकऱ्याच्या तरबेज नजरेने एकच गोष्ट टिपली. "ह्यांस्नी कुणी कार्ड मागत न्हाई?" खरेच मागत नाही. वाइनच्या एका बाटलीसाठी जांभळ्या दिव्याखाली जावे लागते आणि राज्याचा कायदा कसा असावा हे सांगताना, मी अमुक, एवढे म्हटले की ते खरे मानले जाते.

आता दादाची बाजू सांगायला हवी, नाहीतर हा लेख अंधाराची आरती होऊन बसेल. आमच्या गावात देवळासमोर हायमास्ट आहे. तो आणण्यासाठी दादाने, ग्रामपंचायतीचा सदस्य असताना, दोन वर्षे तालुक्याला चपला झिजवल्या. त्याची मुलगी कॉलेजातून परतायची तेव्हा शेवटची एसटी फाट्यावर रात्री आठला पोचायची आणि फाट्यापासून वेशीपर्यंतचा रस्ता अंधारा होता. हायमास्ट लागला त्या संध्याकाळी दादाने मला व्हिडिओ कॉल करून तो दाखवला होता. खांबाच्या टोकावरचा फुललेला पांढरा गोळा, त्याच्याभोवती पाखरांचा पाऊस आणि खाली टाळ्या वाजवणारी पोरे. मी सवयीने म्हणालो की आता चांदण्या दिसणार नाहीत. दादा म्हणाला, चांदण्या मी लय बघितल्यात. त्याचे खरे होते. शेतीची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते. रात्रीची लाइट असली की बारा-एकला उठून, हातात बॅटरी घेऊन, पायाखाली काय येईल याचा नेम नसताना तो मोटार सुरू करायला विहिरीवर जातो आणि पहाटेपर्यंत दारे धरतो. मला जे आकाश सहलीला गेल्यावर आठवते ते त्याला चिखलात उभे राहून, झोपेने तारवटलेल्या डोळ्यांनी, हजारो रात्री पाहावे लागले आहे. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्रप्रकल्पाला २०२४च्या जानेवारीत भारतातले पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली तेव्हा मी ती बातमी कौतुकाने त्याला पाठवली. त्याचे उत्तर आले: तिथल्या गावांत दिवे हायत का?

आहेत, आणि तेच त्या बातमीतले मोलाचे आहे. अशी मान्यता मिळते ती दिवे फोडून नव्हे, दिव्यांची तोंडे खाली वळवून. हे मी त्याला लिहिले. त्यावर अंगठा आला.

विज्ञानाचे आकडे मात्र दादाच्या आणि माझ्या भांडणाच्या पलीकडचे आहेत. जगभरच्या सामान्य माणसांनी नुसत्या डोळ्यांनी आकाश पाहून केलेल्या, २०११ ते २०२२ या काळातल्या पन्नास हजारांहून अधिक नोंदींवरून, रात्रीचे आकाश सरासरी दरवर्षी ९.६ टक्क्यांनी उजळत असल्याचे २०२३ मध्ये मांडले गेले. त्याआधी २०१६ च्या एका नकाशाने दाखवले होते की उत्तर अमेरिकेतल्या जवळजवळ ऐंशी टक्के लोकांना राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसत नाही. १९९४ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या नॉर्थरिजला पहाटे साडेचारला मोठा भूकंप झाला, सगळ्या शहराची वीज गेली, माणसे घाबरून रस्त्यावर आली आणि त्यानंतर ग्रिफिथ वेधशाळेत, आकाशात हे काय विचित्र दिसत होते, असे विचारणारे फोन आले. विचित्र काही नव्हते, नेहमीचेच तारे होते.

त्याच लॉस एंजेलिसच्या डोक्यावर माउंट विल्सन वेधशाळा आहे आणि तिथली एक गोष्ट मला त्या दुकानातल्या प्रसंगानंतर पुन्हा पुन्हा आठवत राहिली. वॉल्टर बाडे हा जर्मन खगोलशास्त्रज्ञ १९३१ मध्ये तिथे आला. अमेरिकेचे नागरिकत्व मिळवण्यासाठी लागणारे पहिले कागद त्याने काढले, पण घर बदलताना ते हरवले आणि पुन्हा खटपट करायचा त्याने कंटाळा केला. असा माणूस मला लगेच जवळचा वाटतो. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरली आणि कागद नसल्याने बाडे हा सरकारी भाषेत शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. अशा माणसांना रात्री आठ ते सकाळी सहा घराबाहेर पडायला बंदी होती. ज्याचे काम रात्री सुरू होते त्यालाच रात्रीची बंदी. वेधशाळेच्या संचालकांनी रदबदली केली तेव्हा त्याला डोंगरावर जाऊ देण्यात आले. इतर शास्त्रज्ञ युद्धाच्या कामांवर गेले होते, त्यामुळे शंभर इंची दुर्बीण जवळजवळ त्याच्या एकट्याच्या वाट्याला आली आणि खाली युद्धामुळे शहराने दिवे झाकले होते. १९४३ च्या शरद ऋतूत त्या अंधारात बाडेने देवयानी दीर्घिकेच्या मध्यभागातले तारे सुटे सुटे करून छायाचित्रात पकडले. तोवर तिथे सगळ्यांना नुसता धुरकट उजेड दिसत आला होता. ताऱ्यांच्या दोन वेगवेगळ्या पिढ्या असतात हे त्याने १९४४ मध्ये त्यावरून मांडले आणि १९५२ मध्ये, आपण समजत होतो त्याच्या दुप्पट अंतरावर देवयानी आहे, हे जाहीर केले. कागद हरवलेल्या एका माणसाने झाकलेल्या शहराच्या वर बसून विश्व दुप्पट मोठे केले. ज्या अधिकाऱ्याने त्याच्या परवानगीवर सही केली असेल त्याने त्याचा चेहरा कुठल्या दिव्याखाली पाहिला असेल, असा निरर्थक विचार मला सुचतो. युद्ध नसते तर तो अंधार मिळाला नसता, ही गोष्ट मात्र सुखाने सांगण्यासारखी नाही.

दादा परत जायच्या दोन दिवस आधी आम्ही माउंट हॅमिल्टनला गेलो. वेधशाळेपर्यंतच्या रस्त्याला ३६५ वळणे आहेत असे इथे सांगतात. मी कधी मोजलेली नाहीत, दादा शंभरापर्यंत मोजून गप्प झाला. आम्ही पोचलो तेव्हा पाहुण्यांची वेळ संपली होती, पांढरे घुमट बंद होते आणि थंडी कानांना चावत होती. उतरताना एका रुंद वळणावर गाडी थांबवली. खाली आख्खे खोरे पेटले होते. उत्तरेच्या फ्रेमॉन्टपासून दक्षिणेपर्यंत पांढऱ्या ठिपक्यांचा एकसलग सडा आणि मधूनमधून अजून न बदललेल्या पिवळ्या दिव्यांचे डाग. दादा बराच वेळ पाहत राहिला. "कुणाचं घर कुठलं, काय कळत न्हाई," तो म्हणाला. मग मान वर करून त्याने ध्रुव शोधला आणि तो दचकलाच, कारण गावी क्षितिजापासून फार वर नसणारा तारा इथे दुपटीने वर चढून बसला होता. उत्तरेला एवढे दूर आल्याचे त्याला विमानात कळले नव्हते, ते इथे कळले. आजी सांगायची ती सप्तर्षींची बाज आणि तिच्यामागचे तीन चोर डोंगराआड खाली गेले होते. शर्मिष्ठा दिसत होती. तिच्या शेजारी देवयानीचा धूसर ठिपका असणार, हे मला पुस्तकावरून ठाऊक होते, पण खोऱ्याचा उजेड आकाशात इतका वर चढला होता की मला तो काही केल्या सापडेना. मी खिशातून फोन काढला, नकाशा उघडला, आणि नीट दिसेना म्हणून त्याची बॅटरी लावली.

दादाने माझ्याकडे पाठ केली. दोन्ही हातांचे तळवे त्याने कपाळाच्या दोन्ही बाजूंना, बैलाच्या झापडांसारखे उभे धरले, खालचे खोरे त्यात अडवले आणि मान मागे टाकली. तसा तो कितीतरी वेळ उभा होता. खालून एक गाडी वळण घेत वर आली, तिच्या दिव्यांचा झोत आमच्या अंगावरून गेला, तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले आणि ती गेल्यावर पुन्हा उघडले.

"आई म्हणायची तसलीच रात हाय," तो म्हणाला. "कंदील इझल्यावर तिला आढं दिसाय लागलं हुतं म्हणं."

मी विचारले, "सापडलं का काही?"

"सापडंल. ती बॅटरी बंद कर आधी."